तब्येत, मिजास आणि इब्न सीना: हजार वर्षांपूर्वीचा हकीम आज कसा वाचायचा

'तब्येत कशी आहे?' हा प्रश्न आपण रोज कुणाला तरी विचारतो. एखाद्याची मिजास उतरवतो, मार्ग खुंटला की 'नाइलाज झाला' म्हणतो, पोट बिघडलं की जुलाब होतात. हे सगळे शब्द अरबी-फारसी वैद्यकातून फिरत फिरत मराठीत येऊन मुरले आहेत. 'तबीअत' म्हणजे शरीराचा कारभार आतून चालवणारी शक्ती. 'मिजाज' म्हणजे उष्ण-थंड आणि ओल्या-कोरड्या गुणांचं शरीरातलं मिश्रण. 'इलाज' म्हणजे उपचार. 'जुलाब' हे मुळात गुलाबपाण्याचं सरबत. रेचक म्हणून दिलं जाता जाता त्याचं नाव परिणामालाच चिकटलं. या शब्दांमागचं शास्त्र ज्या ग्रंथात सर्वांत नेटकेपणानं बांधलं गेलं, तो म्हणजे 'अल-कानून फि'त्तिब्ब', वैद्यकाचा कानून. तो लिहिणारा अबू अली इब्न सीना. लॅटिन जगानं त्याचं नाव 'अव्हिसेन्ना' केलं.

त्याच्याबद्दल मराठीत जे फिरतं ते बहुधा 'अमक्याचा पहिला शोध' अशा याद्यांच्या रूपात. त्यातल्या बऱ्याच गोष्टी चुकीच्या आहेत, आणि ज्या खरोखर मोठ्या आहेत त्या याद्यांमध्ये सापडत नाहीत. म्हणून आधी त्याची विचारयंत्रणा कशी चालते ते पाहू. ती कळली की खरं-खोटं आपोआप वेगळं होऊ लागतं.

माणूस

जन्म साधारण ९८०चा, बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावातला. आज ते ठिकाण उझबेकिस्तानात आहे. तेव्हा तिथे सामानी घराण्याची सत्ता होती. वडील बल्खचे, सरकारी अंमलदार. घरची भाषा फारसी, विद्येची भाषा अरबी. स्वतःच्या तरुणपणाचा वृत्तांत त्यानं आपला शिष्य जूझजानी याला सांगितला आणि पुढचा भाग जूझजानीनं लिहिला, त्यामुळे मध्ययुगातल्या माणसाच्या मानानं त्याच्याविषयी बरंच कळतं. त्या वृत्तांतातली एक ओळ आपल्यासाठी खास आहे: वडिलांनी त्याला 'हिंदी हिशेब' शिकायला एका किराणा-भाजी विकणाऱ्याकडे पाठवलं. भारतीय अंकपद्धती तेव्हा बुखाऱ्याच्या बाजारात रोजच्या वापरात होती.

ॲरिस्टॉटलचा तत्त्वमीमांसेवरचा ग्रंथ त्यानं चाळीस वेळा वाचला. तो पाठ झाला, पण कळला मात्र नाही. मग पुस्तकबाजारात तीन दिरहमांना मिळालेल्या, आधीच्या पिढीतल्या तत्त्वज्ञ अल-फाराबीच्या छोट्या पुस्तिकेनं ती गाठ सुटली. वैद्यक त्याला सोपं वाटलं. सतरा-अठराव्या वर्षी सामानी राजा नूह इब्न मन्सूर याच्या उपचारात त्याला बोलावलं गेलं आणि त्यातून राजवाड्याच्या ग्रंथालयाचे दरवाजे उघडले. पुढे सामानी सत्ता कोसळली आणि त्याचं सगळं आयुष्य एका दरबारातून दुसऱ्या दरबारात गेलं: गुरगंज, गुरगान, रय, हमदान, इस्फहान. हमदानला तो शम्स उद्दौला या राजाचा वजीर होता. दिवसा राज्यकारभार आणि रात्री शिष्यांना घेऊन ग्रंथवाचन, असा त्याचा क्रम जूझजानीनं नोंदवला आहे. मधेच चार महिने फरदजानच्या किल्ल्यात कैद झाली. तिथेही लेखन सुरूच होतं, आणि तिथे लिहिलेल्या पुस्तकांपैकी एक 'कुलंज' म्हणजे पोटातल्या तीव्र शुळावर होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. १०३७ साली हमदानमध्ये त्याचा मृत्यू झाला.

कानूनची रचना

'कानून' हा शब्द ग्रीक 'कॅनॉन'वरून आला. त्याचा मूळ अर्थ सरळ मोजपट्टी. ग्रंथाचे पाच भाग आहेत. पहिल्यात सर्वसाधारण तत्त्वं: शरीर कशाचं बनलं, आजार का होतो, नाडी-लघवी कशी पाहायची, निरोगी कसं राहायचं. दुसऱ्यात सुमारे आठशे एकेरी औषधं, वर्णक्रमानं लावलेली. तिसऱ्यात डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचे आजार. चौथ्यात एका जागी न बसणारे विकार: ताप, गाठी, जखमा, मोडलेली हाडं, विषबाधा. पाचव्यात संयुक्त औषधांचे नुस्खे. लेखन १०१२च्या सुमारास गुरगानला सुरू झालं आणि १०२५च्या आसपास पुरं झालं.

यातली बरीचशी माहिती त्याची स्वतःची नव्हती. गॅलेन या ग्रीक-रोमन वैद्याचे डोंगराएवढे ग्रंथ आणि राझीसारख्या आधीच्या हकिमांच्या नोंदी समोर होत्या. अडचण अशी की त्यात हवी ती गोष्ट चटकन सापडत नसे, आणि दोन ठिकाणी दोन वेगळी मतं असली तर कोणतं धरायचं ते कळत नसे. इब्न सीनानं प्रत्येक गोष्टीला ठरलेली जागा दिली आणि तत्त्वापासून रोगापर्यंत, रोगापासून औषधापर्यंत जायचा रस्ता आखून दिला. माझ्या मते त्याचं वैद्यकातलं सर्वांत मोठं काम हेच. राझी रुग्णाजवळचा निरीक्षक म्हणून कदाचित त्याच्यापेक्षा सरस होता, पण शिकवायला सोपा ग्रंथ इब्न सीनाचा ठरला.

मिजाज म्हणजे नेमकं काय

चार मूलतत्त्वं: अग्नी, हवा, पाणी, माती. त्यांचे चार गुण: उष्ण, थंड, ओला, कोरडा. अन्न पचून शरीरात चार द्रव तयार होतात, ते 'अखलात': रक्त, बलगम म्हणजे कफ, सफरा म्हणजे पिवळं पित्त आणि सौदा म्हणजे काळं पित्त. या सगळ्यांच्या मिसळणीतून जो एक सरासरी गुण तयार होतो तो मिजाज. मिजाज नऊ प्रकारचे: एक समतोल, चार एकेरी बिघाडाचे (उष्ण, थंड, ओला, कोरडा) आणि चार जोड बिघाडाचे (उष्ण-कोरडा, उष्ण-ओला, थंड-कोरडा, थंड-ओला).

इथे वाचणाऱ्याची हमखास चूक होते. समतोल म्हणजे चारही गुण सारखे, असं वाटतं. इब्न सीना स्पष्ट सांगतो की वैद्याचा समतोल तराजूतला नसतो, न्यायातला असतो: ज्याच्या वाट्याला जेवढं हवं तेवढं असणं. सिंहाला उष्णता जास्तच लागते, सशाला कमी. तो माणसांचं उदाहरण देतो तेही आपल्याशी संबंधित आहे. हिंदी माणसाचा मिजाज हिंदी माणसाला योग्य आणि स्लाव माणसाचा स्लावाला. एकाचा मिजाज दुसऱ्याला आला तर तो आजारी पडेल किंवा मरेल. वय, ऋतू, प्रदेश, अवयव यांनुसार मिजाज बदलतो. हृदय उष्ण, मेंदू थंड आणि ओला. म्हणून 'हे औषध चांगलं का?' या प्रश्नाला त्याच्या शास्त्रात सुटं उत्तरच नाही. कुणाला, कोणत्या अवयवासाठी, कोणत्या ऋतूत, हे आधी सांगावं लागतं.

औषधांनाही गुण, आणि प्रत्येक गुणाच्या चार पायऱ्या. पहिल्या पायरीचं औषध शरीरावर काम करतं पण जाणवत नाही. दुसऱ्या पायरीचं जाणवतं, इजा करत नाही. तिसऱ्या पायरीचं इजा करतं, जिवावर बेतत नाही. चौथ्या पायरीचं मारू शकतं. अफू चौथ्या पायरीची थंड. रोग उष्ण असेल तर थंड औषध, तेही रोगाच्या जोराइतक्याच पायरीचं.

निरोगी राहण्याच्या भागात तो सहा गोष्टींवर लक्ष ठेवायला सांगतो: हवा, खाणंपिणं, शरीराची हालचाल आणि विश्रांती, मनाची हालचाल आणि विश्रांती, झोप आणि जाग, शरीरात साठणं आणि बाहेर पडणं. यांत व्यायाम सर्वांत आधी, मग आहार, मग झोप. अखलातांचा सिद्धान्त आज टिकत नाही, पण ही सहा कलमं आजच्या डॉक्टरच्या टेबलावरही चालतील.

नाडी

नाडी मनगटावरच का पाहायची? कारणं तो देतो: तिथे हात सहज पोचतो, रुग्णाला मनगट दाखवायला संकोच वाटत नाही, आणि ती धमनी हृदयाशी सरळ जोडलेली असते. नाडी पाहताना रुग्ण रागावलेला नसावा, दमलेला नसावा, भुकेला किंवा नुकताच जेवलेला नसावा. मग दहा गोष्टी तपासायच्या: ठोक्याचा आकार, त्याचा जोर, हालचालीचा वेळ, धमनीची कठीण-मऊ जाणीव, भरलेपणा, उष्णता, दोन ठोक्यांमधली विश्रांती, ठोक्यांची समानता, क्रम आणि ताल. बिघडलेल्या नाड्यांना चित्रमय नावं आहेत: हरिणाच्या उडीसारखी, मुंगीच्या चालीसारखी, उंदराच्या शेपटीसारखी निमुळती होत जाणारी, करवतीच्या दातांसारखी. आयुर्वेदात शार्ङ्गधरसंहितेतही नाडीची गती प्राण्यांच्या चालीवरून सांगितली आहे.

'इश्क' हा आजार त्यानं मेंदूच्या विकारांत घातला आहे. रुग्ण नाव सांगत नसेल तर नाडीवर बोट ठेवून एकेक नाव घ्यायचं. ज्या नावाला नाडी एकदम बदलते, ते नाव पुन्हा पुन्हा घेऊन खात्री करायची. मग गल्ली, घराणं, व्यवसाय असं पुढे जायचं. हा प्रयोग आपण केला आहे आणि त्यातून उपयोगी माहिती मिळाली, असं तो लिहितो. मनातली गोष्ट शरीरावर मोजता येते, हे तो गृहीत धरतो आणि त्याची पद्धत सांगतो.

औषध पारखण्याचे सात नियम

दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला काही पानं अशी आहेत की तेवढीच वाचली तरी इब्न सीना समजल्याचं समाधान मिळावं. औषधाचा गुण दोन वाटांनी कळतो, असं तो म्हणतो: तर्कानं आणि अनुभवानं. मग अनुभवावर विश्वास कधी ठेवायचा याच्या सात अटी.

पहिली अट: औषध शुद्ध, बाहेरून आलेल्या गुणापासून मोकळं असावं. पाणी स्वभावानं थंड, पण तापवलेलं पाणी उष्णता देतं. त्यावरून पाणी उष्ण ठरवलं तर चूक होते. दुसरी: रोग साधा असावा, दोन बिघाड मिसळलेला नको, नाही तर सुधारणा कशामुळे झाली ते कळणार नाही.

तिसरी अट सर्वांत हुशार आहे. औषध परस्परविरुद्ध दोन रोगांवर करून पाहायचं. उष्ण रोग बरा झाला म्हणून औषध थंड, असं लगेच म्हणायचं नाही, कारण तो बरा होण्याचं कारण वेगळंच असू शकतं. दूषित द्रव शरीराबाहेर काढणारं रेचक स्वतः उष्ण असलं तरी उष्ण ताप उतरवू शकतं. त्यानं ताप थंड केलेला नसतो, तापाचं कारण बाहेर काढलेलं असतं. म्हणून तेच औषध थंड रोगावरही देऊन पाहायचं.

चौथी: औषधाचा जोर रोगाच्या जोराशी जुळावा, म्हणून सौम्यापासून सुरुवात करून पायरी पायरीनं वाढवायचं. पाचवी: परिणाम केव्हा दिसला ते पाहायचं. औषध देताच दिसणारा परिणाम त्याचा स्वतःचा असण्याची शक्यता जास्त. आधी एक आणि नंतर उलटा परिणाम दिसला तर गडबड आहे. सहावी: परिणाम नेहमी, निदान बहुतेक वेळा दिसला पाहिजे. एखाद-दुसऱ्या वेळी दिसला तर तो योगायोग. सातवी: प्रयोग माणसावरच व्हावा. सिंहावर किंवा घोड्यावर केलेल्या प्रयोगातून माणसाबद्दल काही सिद्ध होत नाही, कारण माणसाच्या शरीराला उष्ण असणारी वस्तू सिंहाच्या शरीराच्या मानानं थंड असू शकते.

यावरून 'इब्न सीनानं क्लिनिकल ट्रायल शोधली' असं लिहिलं जातं. ते खरं नाही. त्याच्या नियमांत एक मोठी उणीव आहे: औषध न दिलेला, तुलनेसाठी ठेवलेला गट नाही. त्यामुळे आपोआप बरा होणारा रोग या सातही चाळण्यांतून निसटतो. 'बहुतेक वेळा' म्हणजे दहांत किती, हेही तो सांगत नाही. सारख्याच आजाराच्या रुग्णांना शेजारी शेजारी वेगवेगळे उपचार देऊन तुलना करणारा प्रसिद्ध प्रयोग जेम्स लिंडनं १७४७ साली स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांवर केला. पण 'गुण आला' या वाक्यावर किती प्रकारे शंका घेता येते, हे इतक्या नेमकेपणानं अकराव्या शतकात लिहून ठेवणं ही फार मोठी गोष्ट आहे.

कुठे चुकला

शरीररचनेत. त्याचा आधार गॅलेन, आणि गॅलेनची चिरफाड मुख्यतः माकडं-डुकरांची. रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून डाव्यात मधल्या पडद्यातून जातं, असं गॅलेनचं म्हणणं. इब्न सीनानं त्यावर ॲरिस्टॉटलचा मान राखून दोन कप्प्यांच्या मध्ये तिसराही मान्य केला. दोन मोठ्या माणसांची मतं जुळवून घेण्याची ही सवय त्याला इथे नडली.

ही चूक दाखवली ती कानूनच्याच भाष्यकारानं. दमास्कसमध्ये शिकलेला आणि कैरोत नावारूपाला आलेला इब्न अल-नफीस यानं १२४२ साली कानूनमधल्या शरीररचनेवर भाष्य लिहिलं. हृदयाला दोनच कप्पे आहेत, मधला पडदा घट्ट आहे, त्यात छिद्रं नाहीत. रक्त उजव्या कप्प्यातून फुप्फुसात जातं, हवेशी मिसळतं आणि मग डाव्यात येतं, असं त्यानं ठामपणे मांडलं. फुप्फुसातल्या रक्ताभिसरणाचं हे पहिलं ज्ञात वर्णन. ते हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात १९२४ साली एका इजिप्शियन डॉक्टरच्या नजरेस पडेपर्यंत जगाच्या विस्मरणात होतं. 'रक्ताभिसरणाचा शोध इब्न सीनानं लावला' हा दावा कुठे दिसला, तर बहुधा याच दोन नावांची गल्लत झालेली असते.

दुसरी चूक त्याच्या स्वतःच्या अंगावर घडली. लष्करी मोहिमेत त्याला कुलंज झाला, ज्यावर त्यानं कैदेत पुस्तक लिहिलं होतं तोच. लवकर बरं व्हायची घाई होती, कारण सैन्य माघार घेत होतं आणि आजारी माणूस मागे राहिला असता. एका दिवसात त्यानं आठ वेळा बस्ती म्हणजे एनिमा घेतला. आतड्यांना जखमा झाल्या. पुढच्या बस्तीत वायू मोडण्यासाठी दोन दानिक अजमोदाचं बी घालायला सांगितलं. मदतनीस वैद्यानं पाच दिरहम घातलं. सहा दानिकांचा एक दिरहम, आणि दिरहम सुमारे ३ ग्रॅमचा. म्हणजे साधारण १ ग्रॅमच्या जागी १५ ग्रॅम, पंधरा पट. हे मुद्दाम झालं की चुकून, ते आपल्याला माहीत नाही, असं जूझजानी लिहितो. जखमा वाढल्या. नंतर एका नोकरानं त्याच्या औषधात जादा अफू मिसळली. तो त्यातून उठला, पण पथ्य पाळलं नाही, आजार उलटत राहिला आणि शेवटी त्यानं औषध थांबवलं. चौथ्या अटीत 'सौम्यापासून सुरुवात' लिहिणाऱ्याला स्वतःच्या बाबतीत घाई आवरली नाही.

हवेत तरंगणारा माणूस

हकीम इब्न सीना जगाला जास्त ठाऊक असला, तरी इराणी आणि अरबी परंपरेत तत्त्वज्ञ इब्न सीनाचं वजन अधिक. त्याचा सर्वांत मोठा ग्रंथ 'शिफा' म्हणजे बरं करणं; पण तो वैद्यकाचा नाही. तर्क, निसर्गविज्ञान, गणित आणि तत्त्वमीमांसा यांचा तो कोश आहे. नावामुळे अनेकजण त्याला औषधांचं पुस्तक समजतात.

त्यातली एक कल्पना करून पाहा. एक माणूस एका क्षणात, पूर्ण वाढलेला निर्माण झाला. डोळे झाकलेले. तो पोकळीत तरंगतो आहे, हवेचा स्पर्शही जाणवत नाही. हातपाय एकमेकांपासून वेगळे, कुठे काही टेकत नाही. आवाज नाही, आठवण नाही. त्याला आपल्याला हात आहेत हे कळेल का? नाही. हृदय आहे? नाही. पण 'मी आहे' हे कळेल का? इब्न सीना म्हणतो, कळेल. मग ज्याचं असणं कळतं तो 'मी' आणि ज्याचं कळत नाही ते शरीर, या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

याची तुलना फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तशी होते, पण देकार्त सगळ्यावर शंका घेत 'मी'पर्यंत पोचतो. इब्न सीना शंका घेत नाही. ज्याला स्वतःची जाणीव आधीच आहे पण लक्ष शरीरात अडकलेलं आहे, त्याला तो जागं करतो. युक्तिवादातली फट अशी: एक गोष्ट माहीत असणं आणि दुसरी माहीत नसणं, एवढ्यावरून त्या दोन वेगळ्या ठरत नाहीत. पहाटेचा शुक्र ओळखणाऱ्याला संध्याकाळची चांदणी तोच शुक्र आहे हे माहीत नसू शकतं. हा आक्षेप कसा परतवायचा, यावर तत्त्वज्ञानाचे अभ्यासक आजही भांडतात.

दुसरी कल्पना जास्त खोलवर गेली. त्रिकोण म्हणजे काय हे पूर्ण कळलं, तरी जगात एखादा त्रिकोण आहे की नाही हे त्यातून कळत नाही. म्हणजे वस्तू 'काय आहे' आणि ती 'आहे' हे दोन वेगळे प्रश्न. जिच्या स्वरूपात असणं अंतर्भूत नाही, ती वस्तू असेल तर कुणीतरी तिला अस्तित्व दिलेलं असलं पाहिजे. अशा उसन्या अस्तित्वाच्या वस्तू कितीही रांगेनं लावल्या, तरी संपूर्ण रांग उसनीच राहते. म्हणून ज्याचं असणं स्वतःचंच आहे असं काहीतरी हवं. त्याला तो 'वाजिब उल्-वुजूद' म्हणतो. ख्रिस्ती पंडित थॉमस ॲक्वायनसनं हा भेद उचलला. इमाम गझालीनं मात्र १०९५च्या सुमारास तत्त्वज्ञांच्या वीस मतांवर टीका लिहिली आणि त्यातली तीन सरळ धर्मबाह्य ठरवली: जग अनादि असणं, ईश्वराला एकेक वस्तू सामान्य रूपातच कळणं, आणि मृत्यूनंतर शरीराचं पुनरुत्थान न मानणं. रोख मुख्यतः इब्न सीनावर होता.

'शिफा'तला डोंगरांविषयीचा भागही वाचण्यासारखा आहे. डोंगर दोन प्रकारे होतात: जमीन वर उचलली जाऊन, किंवा पाण्यानं मऊ भाग वाहून नेल्यावर कठीण भाग उभा राहून. लहानपणी जैहून म्हणजे अमूदर्या नदीकाठी लोक डोकं धुवायला वापरत ती माती त्यानं पाहिली होती; सुमारे २३ वर्षांनी तिथेच ती मऊ दगड झालेली पाहिली. युरोपात हा मजकूर लॅटिनमध्ये गेला तेव्हा तो ॲरिस्टॉटलचाच समजला गेला.

टोलेडो, पादुआ, मालेगाव

बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडोत क्रेमोनाच्या जेरार्डनं कानून लॅटिनमध्ये आणला. १४७३ साली तो मिलानमध्ये छापला गेला, १५९३ साली रोममध्ये मूळ अरबी छापला गेला. पादुआ, बोलोन्या, माँपेल्ये इथे तो सतराव्या शतकापर्यंत अभ्यासक्रमात होता.

आपल्याकडे तो युनानी वैद्यकातून आला, आणि येताना आपलीच काही औषधं परत घेऊन आला. बगदादच्या खलिफांच्या काळात चरक-सुश्रुतांची अरबी भाषांतरं झाली होती. हिरडा, बेहडा, आवळा हे कानूनमध्ये 'हलीलज, बलीलज, अमलज' म्हणून येतात. बचनागाचं 'बिश' म्हणजे आपलं 'विष'. तिन्ही फळांच्या औषधाचं नाव 'इत्रिफल', म्हणजे त्रिफळा. त्याची कृती मात्र आपल्या त्रिफळा चूर्णापेक्षा वेगळी आहे. चूर्ण आधी बदामाच्या तेलात किंवा तुपात चोळून घेतात, याला 'चर्ब करणं' म्हणतात. मग चूर्णाच्या सुमारे तिप्पट मध किंवा साखरेचा पाक घेऊन त्यात कालवतात. तेलानं चोळलं नाही तर कालवण काही दिवसांत दगडासारखं होतं. पाक पातळ राहिला तर आंबतो आणि बुरशी धरतो, फार पुढे गेला तर साखर दाणेदार होऊन बसते.

भारतात युनानी ही शासनमान्य पद्धती आहे, तिचं पदवी शिक्षण मुंबई, पुणे, मालेगाव इथल्या महाविद्यालयांतही मिळतं, आणि त्यात 'कुल्लियात' म्हणजे कानूनच्या पहिल्या भागातली तत्त्वं आजही शिकवली जातात.

इब्न सीना कुणाचा, यावर अनेक देशांचा हक्क आहे. जन्मस्थान उझबेकिस्तानात, ताजिकिस्तानच्या २० सोमोनीच्या नोटेवर त्याचं चित्र, इराणात शहरीवर महिन्याचा पहिला दिवस त्याच्या नावानं डॉक्टर दिन, हमदानमध्ये १९५०च्या दशकात बांधलेली, बारा खांबांच्या मनोऱ्याची त्याची समाधी. युनेस्कोनं त्याच्या नावानं विज्ञानातल्या नीतिविचारासाठी पुरस्कार सुरू केला. फारसीभाषक, अरबी लेखक, मध्य आशियात जन्मलेला, हे तिन्ही एकाच वेळी खरं आहे. त्याच्या काळी आजच्या सीमा नव्हत्या. त्याचं समकालीन चित्र एकही नाही, दिसतात ती सगळी कल्पनेतली. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं एका झाडाच्या प्रजातीला त्याचं लॅटिन नाव दिलं, 'ॲव्हिसेनिया'. ते आपलं तिवर. ठाण्याच्या खाडीत चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीएवढ्या श्वासमुळांचं जे रान दिसतं, त्यात हेच झाड सर्वाधिक आहे.

दावा समोर आला तर

कोविडच्या काळात 'क्वारंटाइनचा शोध इब्न सीनाचा, चाळीस दिवसांचा' हा मजकूर खूप फिरला. काही रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि हवा-पाणी त्यांना वाहून नेतं, हे कानूनमध्ये आहे. पण बाहेरून येणाऱ्यांना ठरावीक दिवस वेगळं ठेवण्याचा नोंदलेला पहिला कायदा १३७७ सालचा, रागुसा म्हणजे आजच्या दुब्रॉव्हनिकचा, आणि मुदत ३० दिवसांची. चाळीस दिवस नंतर आले.

त्याच्या नावानं मधुमेहाचा नुस्खा आला, तर त्याचेच नियम लावून पाहा. औषध शुद्ध आहे का, की भुकटीत दुसरं काही मिसळलंय? युनानीत कुश्ते म्हणजे धातूंची भस्मंही असतात, म्हणून पाकिटावर परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर पहिल्याच अटीत ते बाद. रोग साधा आहे का? साखरेबरोबर रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर दुसरी अट मोडली. सोबत डॉक्टरची गोळी आणि गोड बंद हेही सुरू असेल, तर साखर कशानं उतरली? इथे तिसरी अट आडवी येते. किती मात्रा, किती दिवस, किती जणांना, हे लिहिलेलं नसेल तर चौथी, पाचवी आणि सहावी गेली. उंदरांवरचा अभ्यास पुढे केला, तर सातवी. शिवाय मधुमेह बरा करण्याची औषधाची जाहिरात १९५४च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्यानुसार बेकायदा आहे, मग ती आधुनिक औषधाची असो, आयुर्वेदाची असो की युनानीची. इन्सुलिन किंवा चालू गोळी कुणाच्याही नुस्ख्याच्या भरवशावर बंद करू नका. डॉक्टरला पाकीट दाखवा, आणि दोन दानिकांच्या जागी पाच दिरहम पडल्यावर काय झालं ते आठवून चमचा मोजूनच भरा.